सासूबाईंचं टाकं

लेस्टरच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये एक चादर टांगलेली असे. निळी, फुलाफुलांची, एका कडेला जळलेली. चादरीच्या पुढे लेस्टर आणि त्याची बायको मार्लीन; मागे मार्लीनची आई आणि सार्जंट नावाचा कुत्रा. जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिचं नाव तोंडात आणायचं नाही, अशी त्यांच्यातली, वाळवंटातल्या मूळ लोकांतली, रीत. रीत म्हणजे भांडण नव्हे. जिने आपली पोर दिली तिच्यासमोर जो नजर वर करून उभा राहतो त्याला लाज नाही म्हणतात, एवढंच. लेस्टर सासूबाईंचं नाव मनातसुद्धा घेत नसे. तेव्हा आपणही ते घेऊ नये.

सासूबाईंना आपल्या बापाच्या टाक्यावर जायचं होतं. वाळूच्या टेकाडांपलीकडे, जिथे आता कुणीच राहत नाही अशा भागात, कातळाच्या पोटात ते पाणी होतं. लहान असताना आईबापांबरोबर त्या तिथून निघाल्या, मिशनच्या वस्तीवर आल्या, आणि परत काही जाणं झालं नाही. हिवाळाभर अंगणात बसून त्या मार्लीनला मोठ्याने सांगत, "माझ्या बापाचं टाकं गाळाने भरलं असेल. कोण बघणार? गाडी असलेल्या लोकांना फुटबॉल बघायचा असतो."

कुंपणापलीकडे लेस्टर टायरला पंप मारत असे. तो मार्लीनलाच म्हणे, "तुझ्या आईला सांग, गाडीचे ब्रेक झाले की नेतो."

"ब्रेक कशाला लागतात म्हणावं," सासूबाई मार्लीनला म्हणत. "तिकडे थांबायला आहे काय?"

शेवटी ऊन तापायला लागण्याच्या बेताला ते निघाले. तेल शोधायला आलेल्या लोकांनी कधीकाळी यंत्राने पाडलेली एक सरळ वाट होती, तिने टेकाडामागून टेकाड ओलांडत गेले. वाटेत घोरपडी धरल्या, भाजल्या, खाल्ल्या. सगळं बरं चाललं होतं. मग एका टेकाडावरून उतरताना वाळूत दडलेल्या दगडावर गाडी आदळली आणि पुढचा एक्सल मोडला.

तेवढ्याने कोणी घाबरलं नाही. गाड्या मोडतातच. लेस्टरने जादा टायर पेटवून काळा धूर केला. पण वस्तीवर सांगून आले होते, की बरेच दिवस लागतील, काळजी करू नका. त्यामुळे त्या बाजूला कोणी बघत असेल असं नव्हतं. वायरलेस दुरुस्तीला दिलेला. मार्लीन चहा ठेवायला म्हणून टपावरच्या पाण्याच्या पिंपापर्यंत चढली आणि तिथेच थांबली. त्या आदळण्यात पिंप तळाशी चिरलं होतं. गाडीच्या मागच्या काचेवरून ओल ओघळून वाळूत जिरून गेली होती. ती घाईने खाली उतरायला गेली, सशाच्या बिळात पाय गेला, आणि घोटा असा मुरगळला की संध्याकाळपर्यंत तिला तो टेकवता येईना.

उरलं काय? किटलीतलं आणि एका बाटलीतलं पाणी.

"टाकं जवळ आहे," चादरीच्या मागून सासूबाई मार्लीनला म्हणाल्या. "सकाळी निघालं तर सूर्य डोक्यावर यायच्या आत पोहोचते मी. पण डबे भरून आणायची ताकद नाही माझ्यात."

"ताकद आहे माझ्यात," लेस्टर मार्लीनला म्हणाला. "पण टाकं कुठे आहे ते मला माहीत नाही."

मार्लीनने एकदा चादरीच्या या बाजूला बघितलं, एकदा त्या बाजूला. पाय दुखत असतानाही तिला हसू आलं. "म्हणजे तुम्ही दोघंच जाणार? मधे मी नाही? अरे देवा. सार्जंटला घेऊन जा. निदान भुंकेल तरी कोणीतरी."

पहाटे फटफटताना सासूबाई निघाल्या. खांद्यावर खणायची काठी, अंगात फुलांचा झगा, पाय अनवाणी. त्या पहिल्या टेकाडापलीकडे दिसेनाशा होईपर्यंत लेस्टर गाडीकडे तोंड करून उभा राहिला. बाटली त्याने मार्लीनच्या हाताशी ठेवली.

"हळूहळू पी," तो म्हणाला.

"तू माझी काळजी करू नको. तिची कर. आणि तिच्या फार जवळ जाऊ नको, ती मलाच बोलेल नंतर."

मग पाण्याचे दोन डबे आणि चहा उकळायचा छोटा डबा एका काठीला अडकवून, काठी खांद्यावर टाकून तो सासूबाईंच्या पावलांवरून चालायला लागला.

सासूबाईंचा चेहरा त्याला माहीत नव्हता म्हटलं तरी चालेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं मोठी झाली, पण त्याने पाहिलं होतं ते झग्याचं टोक, काठी धरलेला हात, दाराआड सरकणारी सावली. पाऊल मात्र त्याने हजारांत ओळखलं असतं. उजव्या पायाचा अंगठा जरा बाहेर, टाच हलकी, पाऊल छोटं पण नेटकं. सुयांसारख्या गवताच्या झुपक्यांमधून ते पाऊल असं वळत गेलं होतं, की त्याच्यामागून चालणाऱ्याला एकही काटा लागू नये. जिथे जमीन कडक आणि खडीची होती तिथे काठीने एक रेघ ओढलेली असे. इकडे या, असं म्हणणारी. एका दगडावर तर मूठभर सुकलेले रानटोमॅटो काढून ठेवलेले होते. लेस्टरने ते खाल्ले आणि त्याला एकदम अवघडल्यासारखं झालं. घरी सासूबाईंकडचं ताट मार्लीनच्या हातून येई. इथे मधे दगडाशिवाय कोणी नव्हतं.

सार्जंट दोघांच्या मधे येरझाऱ्या घालत होता. पुढे जायचा, बघून यायचा, शेपटी हलवायचा. तो परत आला की लेस्टरला कळायचं, सगळं ठीक आहे.

असं बराच वेळ चाललं. मग एका टेकाडाचा माथा चढताच लेस्टरला खालच्या सपाटीवर एका सुरूच्या झाडाखाली झगा दिसला. सासूबाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तो झटकन मागे सरला, उताराला आला आणि आपणही पाठ करून बसला. थकल्या असतील, त्याने विचार केला. बसू दे. उठल्या की काठीचा आवाज येईलच.

काठीचा आवाज येईना. वाळू थंड होती ती कोमट झाली. सकाळची हवा, जिच्यात चालायचं असतं, ती बघता बघता संपत आली. सार्जंट इकडे येऊन धापा टाके, तिकडे जाऊन धापा टाके. लेस्टरच्या डोळ्यांसमोर मार्लीन येत होती, गाडीच्या सावलीत, ती बाटली मांडीत घेऊन. मनात आणखी एक नको तो विचार येत होता. म्हातारं माणूस. झाडाखाली बसलेलं. हलत नाही. माथ्यावर चढून एकदा बघावं काय? आणि बघितलं आणि त्या नुसत्याच बसलेल्या असल्या तर? मग जन्मभर तोंड कुठे लपवायचं?

शेवटी तो कुत्र्याशी बोलायला लागला, मोठ्याने. कुत्र्याशी बोलायला रीत आड येत नाही.

"सार्जंट, ऊन फार झालं बाबा. म्हाताऱ्या माणसांना त्रास होत असेल का रे?"

टेकाडापलीकडून ताबडतोब आवाज आला. "सार्जंट, म्हातारं कोण ते विचार. तुझे दात पडलेत, माझे आहेत अजून."

लेस्टरने तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत, मार्लीन मधे नसताना, त्याच्यासाठी म्हणून त्या आवाजात निघालेला हा पहिला शब्द. कुत्र्याच्या नावाने असला तरी.

"सार्जंट," तो जरा थांबून म्हणाला, "मग पुढे का जात नाहीत, विचार बरं."

"सार्जंट, मी केव्हाची थांबलेय, तो पुढे जाईल म्हणून! पाठ करून कशाला बसलेय मी, झाडाचं सालपट मोजायला?"

"अरे सार्जंट, मी तर त्या उठतील म्हणून पाठ करून बसलोय!"

मग टेकाडापलीकडून घुसमटल्यासारखा एक आवाज आला. पदराआड हसतात तसा. लेस्टरलाही हसू आवरेना. दोन शहाणी माणसं, एका टेकाडाच्या दोन बाजूंना, एकमेकांचा मान राखत सकाळ जाळून बसली होती. वस्तीवर हे कळलं असतं तर पोरांनी याचं नाटक केलं असतं. पण हसू लवकरच विरलं, कारण जळाली होती ती मार्लीनच्या वाट्याची सकाळ होती.

"पण सार्जंट," लेस्टर म्हणाला, "मी पुढे जाऊन काय करू? वाट त्यांना माहीत आहे."

उत्तर आलं तेव्हा आवाज खाली गेलेला होता.

"सांग त्याला, सार्जंट. वाट मला माहीत नाही."

लेस्टरने सार्जंटला जवळ ओढून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"एक झाड होतं," सासूबाई कुत्र्याला सांगू लागल्या. "दोन फांद्यांचं. माझा बाप तिथे भाला टेकून उभा राहायचा, म्हणायचा, आता डावीकडे. ते झाड नाही. जळलं असेल. वीज पडते, आग लागते, कोण राखणार? मी सगळ्या टेकाडांवर चढून बघितलं. सगळी सारखी. मी एवढीशी होते रे. निम्मी वाट आईच्या खांद्यावर बसून गेले मी. डोळ्यांना माहीत आहे, पण माझ्या पायांना नाही माहीत." त्या थांबल्या. "आणि मी माझ्या पोरीला सांगून आले, की जवळ आहे."

लेस्टरला वाटलं, आता आपण काही बोललो नाही तर ही बाई त्या झाडाखालून उठणार नाही. काय बोलावं हे मात्र सुचेना. धीर देणं हे मुलांचं काम, भावांचं काम. जावयाला तो हक्क कुठला? त्याने आपल्याला जे माहीत होतं तेच सांगितलं.

"सार्जंट, मी सकाळपासून उंटांच्या वाटा बघतोय. आधी एक आली, मग दुसरी. दोन्ही त्या पश्चिमेच्या बुटक्या झाडांकडे वळल्यात, आणि पुढे पुढे रुंद होत गेल्यात. उंट उगाच एका वाटेने चालत नाहीत. कुठेतरी पाण्याचा वास आहे त्यांना."

"उंट?" सासूबाईंच्या आवाजात पुन्हा जोर आला. "माझ्या बापाच्या टाक्यावर उंट? सार्जंट, मी पहिल्यांदा उंट बघितला तेव्हा आम्ही सगळे राक्षस आला म्हणून पळालो होतो. माझी आत्या झाडावर चढली ती उतरेना. आणि आता मी उंटाला वाट विचारू?"

"सार्जंट, विचारायला नको. नुसतं मागून जायचं."

"हं."

काठी वाळूत रोवल्याचा आवाज आला.

"पुढे हो म्हणावं त्याला. मी मागून येते. घाई करायला सांग. माझ्यासाठी थांबू नको म्हणावं. आणि वळून बघायचं नाही."

"बघेन कसा, सार्जंट?" लेस्टर म्हणाला.

टोपी एका बाजूने गालापर्यंत ओढून, लांबून वळसा घालून तो झाडापलीकडे गेला आणि उंटांच्या वाटेला लागला.

आता पावलं त्याची होती आणि वाचणाऱ्या सासूबाई होत्या. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याची चालच बदलली. घरी तो पाय ओढत चालतो, मार्लीन नेहमी म्हणते. इथे तो पाय उचलून चालू लागला. थकून बसावंसं वाटलं तिथेही बसला नाही. बसल्याची खूण वाळूत राहते. काटेरी झुडपातून जवळची वाट होती तरी त्याने मोकळ्या जागेतून वळण घेतलं, कारण मागचे पाय अनवाणी होते. कडक जमीन आली तिथे त्याने टाचेने रेघ ओढली.

सुरुवातीला मागे काठीची टकटक ऐकू येत होती. मग ती वाऱ्यात मिसळली. मग आलीच नाही. सार्जंट मागे गेला तो बराच वेळ परतला नाही.

दुपार झाली होती तेव्हा बुटक्या झाडांमागे कातळ दिसला. लाल, पसरट, कंबरभर उंच, झोपलेल्या जनावरासारखा. त्याच्या एका टोकाला उघडा खळगा होता आणि सगळ्या उंटवाटा त्यात येऊन संपत होत्या. खळग्यात पाणी नव्हतं, वाळलेला चिखल होता, आणि त्या चिखलात रुतून मेलेला एक उंट, नुसतं कातडं आणि हाडं. पण मग कातळाच्या वरच्या अंगाला त्याला एक चपटी शिळा दिसली. ती आपोआप तिथे आलेली नव्हती. कडेच्या फटींतून लहान दगड ठोकून बसवलेले होते, कोणा माणसाच्या हातांनी. उंटांनी शिळेभोवती चाटून चाटून कातळ गुळगुळीत केला होता, पण शिळा हलली नव्हती. लेस्टर ओणवा झाला. फटीतून गार वास आला.

पाणी होतं.

तो तिथून मागे सरला, कातळापासून चांगला लांब, आणि पाण्याकडे पाठ करून बसला.

कारण पाणी त्याचं नव्हतं. त्याचा मुलूख दूर उत्तरेला, मीठतळ्यांच्या पलीकडे. हे सासूबाईंच्या बापाचं पाणी. परक्याने कोणाच्या पाण्यावर असं जायचं नसतं. घरच्या माणसाने आधी पुढे व्हायचं, मूठभर वाळू फेकायची, हाक मारायची, जे गेले त्यांना सांगायचं की मी आले आहे, माझ्याबरोबर अमुक आहे. आणि आपल्या काखेतला घाम त्या परक्याच्या कपाळाला आणि छातीला लावायचा, म्हणजे पाण्याला वास ओळखीचा येतो. लेस्टरच्या एका काकाने तरुणपणी उर्मटपणा केला होता, न विचारता प्यायला होता. तो पुढे वर्षभर अंथरुणावर होता. लेस्टरने ते डोळ्यांनी बघितलं होतं.

इथे घरचं माणूस मागे राहिलं होतं. आणि आलं असतं तरी सासूने जावयाच्या कपाळाला हात लावायचा? विचारानेच त्याच्या कानांना ऊन लागलं.

तो बसून राहिला. परत जाऊन त्यांना शोधावं, तर समोरासमोर येणं आलं. शिळा उचलावी, तर न विचारता पाणी घेणं आलं. आणि दोन्ही टाळून नुसतं बसावं, तर तिकडे मार्लीन. तिने सकाळीच बाटली हलवून पाहिली असेल. तिला सवय आहे, सगळ्या गोष्टी हलवून बघायची.

मार्लीनच्या सुकलेल्या ओठांपाशी येऊन त्याचा विचार थांबला. तो उठला. कातळाकडे वळला.

"माझ्याकडून चूक होतेय," तो हळू आवाजात म्हणाला. तिथे कोणी असेलच, तर त्यांना. "ती माझ्या अंगावर घाला. तुमच्या नातीच्या नाही."

त्याने शिळेला हात घातले. तेवढ्यात मागे धापा ऐकू आल्या.

सार्जंट आला होता. त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. काळ्या-लाल पट्ट्यांची, त्यांच्या वस्तीच्या फुटबॉल संघाची, जी सासूबाई उन्हाळा असो हिवाळा असो डोक्यावरून काढत नसत असं मार्लीन सांगायची. कानांवरून ओढून हनुवटीखाली केस वळून केलेल्या दोरीने ती बांधली होती. एक कान बाहेर आला होता. सार्जंटच्या चेहऱ्यावर फार मोठा अपमान झाल्याचा भाव होता.

पाठोपाठ, लांबच्या टेकाडावरून, वाऱ्यावर चिरत आलेला आवाज:

"सार्जंट! सांग त्या मूर्खाला, टोपी घाल आणि पाणी काढ! मला माहीत होतं हा नुसता बसून राहणार!"

लेस्टर सार्जंटपाशी गुडघ्यांवर बसला. त्याने दोरी सोडली. टोपी घामाने ओली होती, धुराचा, चरबीचा, वाळूचा, म्हाताऱ्या माणसाचा वास तिला येत होता. सासूबाईंनी हात न लावता हात लावला होता. आपली टोपी काढून त्याने ती डोक्यावर चढवली, कपाळापर्यंत ओढली, तीच छातीला लावली, परत डोक्यावर घातली. मूठभर वाळू शिळेकडे फेकली. आणि मग अडला. मी कोणाचा ते सांगायचं, आणि नाव तर घ्यायचं नाही.

"ही टोपी ज्यांची," तो म्हणाला, "त्यांच्या मुलीचा नवरा."

शिळा जड होती. ती सरकली तेव्हा खालून जुना गारवा वर आला. पाणी काळं होतं, वर पानाचा कचरा, खाली गाळ. पण पाणी होतं. त्याने आधी चहाचा डबा भरला. तो घेऊन, मान खाली घालून, टेकाडाच्या दिशेने गेला, एका झुडपाच्या सावलीत डबा ठेवला, आणि परत येऊन कातळामागे पाठ करून बसला. मग तो स्वतः प्यायला.

बऱ्याच वेळाने काठीची टकटक आली. ती झुडपापाशी थांबली. घोट घेतल्याचे आवाज आले, सावकाश, मधे श्वास. मग टकटक कातळावर चढली. लेस्टरच्या आणि तिच्या मधे आता नुसता एक खडक होता.

सासूबाईंनी वाळू फेकल्याचा आवाज आला. मग त्यांनी हाक मारली. ती हाक लेस्टरने कधी ऐकली नव्हती. म्हाताऱ्या बाईची नव्हतीच ती, दूरवरून घरी येणाऱ्या पोरीची होती.

"मी आहे! ओळखता का? म्हातारी झाले, म्हणून विचारते. उशीर झाला. कोणी आणणारं नव्हतं." त्या रडत होत्या, पण बोलणं थांबलं नव्हतं. "माझ्याबरोबर एकजण आलाय. तुम्ही बघितलाच असेल, माझी टोपी घालून. माझ्या धाकटीचा नवरा. उत्तरेकडचा आहे, पण माणूस बरा आहे. झोपतो फार. रेडिओ मोठा लावतो. गाडी कशी चालवतो ते तर बघितलंतच. पण माझ्या पोरीवर त्याने हात उचलला नाही कधी. मी भिंतीपलीकडेच असते, मला कळलं असतं. शिकार आणली की चांगला तुकडा आधी माझ्याकडे पाठवतो, आणि पोरीनेच पाठवला असं दाखवतो. मला कळत नाही थोडंच?"

लेस्टर खडकाला टेकून बसला होता. त्याला श्वास घ्यायचीही लाज वाटत होती.

"मला त्याला काही सांगता येत नाही," सासूबाई पाण्याला म्हणाल्या. "तुमचीच रीत. चांगली रीत आहे, मी मोडली नाही. त्याचा चेहरा मी नीट बघितला नाही कधी, आणि आता या वयात बघणार पण नाही. तुम्ही बघा. नीट बघा, आणि लक्षात ठेवा. परत कधी आला, माझ्याशिवाय आला, तरी त्याला पाणी द्या."

मग काठी कातळावर आपटली. "सार्जंट! मी तोंड फिरवलंय म्हणावं. ऊठ, डबे भर, आणि निघ. पोरगी वाट बघतेय. मी इथे थांबते. हा सगळा गाळ काढायचाय. टोपी राहू दे त्याच्याकडे, परतीची वाट पण माझ्या बापाच्याच मुलखातून आहे."

लेस्टर उठला. खडकाला वळसा घालून पाण्यापाशी आला. पलीकडे सासूबाईंची पाठ होती, पांढरे केस, उन्हात उघडे, त्याने कधी न पाहिलेले. त्याने लगेच नजर काढून घेतली. टोपी त्याने कपाळावरून जरा मागे सारली आणि कातळाकडे, टाक्याकडे, पलीकडच्या टेकाडांकडे तोंड करून तो काही क्षण तसाच उभा राहिला, मान वर करून, ज्यांना बघायचं असेल त्यांनी बघावं म्हणून. मग तो वाकला आणि डबे भरायला लागला.

परतीच्या वाटेवर डबे जड होते आणि त्याने कुठेच ते टेकवले नाहीत. दिवस टेकाडांच्या मागे उतरत होता तेव्हा गाडी दिसली. मार्लीन तिच्या सावलीत पाय लांब करून बसली होती, आणि बाटली रिकामी होती. तिने आधी डबे बघितले. मग त्याचं डोकं बघितलं, आणि बघतच राहिली.

"आई कुठे आहे?" तिने विचारलं. आवाज कोरडा पडला होता.

"पाण्यावर. गाळ काढतायत. सार्जंट आहे बरोबर. उद्या पहाटे मी खायचं घेऊन जातो." त्याने कपात पाणी ओतलं आणि तिच्या हातात दिलं. "आता पाणी आहे. कोणी येईपर्यंत थांबता येईल."

ती प्यायली, तोंडात धरून, थोडं थोडं. कप अर्धा झाल्यावर तिने विचारलं, "ती काही म्हणाली का तुला?"

"मला कशा म्हणतील?"

"तुला नाही, पण काही तरी म्हणालीच असेल."

लेस्टर तिच्या शेजारी वाळूत बसला. समोर काळोख टेकाडांच्या खळग्यांत भरत चालला होता. काय सांगावं याचा त्याने पुष्कळ विचार केला.

"रेडिओ मोठा लावतो म्हणाल्या," तो म्हणाला.

मार्लीन हसली, आणि कप पुढे केला. त्याने तो पुन्हा भरला.